पडणं कितीला पडतं?

सर्जेराव खाडेनं पैज लावली तेव्हा तो कॅरमच्या टेबलावर एका पायावर उभा होता आणि त्याच्या कमरेला आत्तीचा तोलपट्टा होता.

“बघा हां देशिंगकरसाहेब, आत्ता पडतो,” असं म्हणून तो ताडी प्यालेल्या बगळ्यासारखा हलायला लागला. डोळे फिरवले, जीभ बाहेर काढली, “गेलो, गेलो” म्हणून बोंब ठोकली. पार्किंगमध्ये जमलेली सोसायटी हसून लोळली. पट्टा मात्र ढिम्म.

कोल्हापुरात त्या काळी पंचाहत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या कमरेला असा पट्टा असायचा. माणसाचा तोल गेला की अंग जमिनीला लागेपर्यंत पापणी लवण्याइतकाच वेळ मिळतो. तेवढ्यात पट्ट्यानं ओळखायचं, की हा गडी पडणार. मग आतली वायुकुपी फुटायची आणि कंबर, खुबे, पाठ यांच्याभोवती टम्म फुगे उभे राहायचे. म्हातारं माणूस आपटायचं ते गादीवर आपटल्यागत. शहरातल्या सगळ्या पट्ट्यांचा कारभार टेकडीमागच्या तोलकेंद्रातून चालायचा. तिथल्या यंत्राचं नाव तोलमेंदू. आणि त्या तोलमेंदूला हिशेब शिकवणारा अर्थगणिती विनायक देशिंगकर सर्जेरावच्याच सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर राहायचा.

“उतरा खाली,” देशिंगकर हसत म्हणाले. “त्याला नाटक कळतं. अख्ख्या गल्लीला टोप्या घातल्या असतील तुम्ही, तोलमेंदूला घालणं जमायचं नाही.”

गल्लीला टोप्या घातल्याचं खरंच होतं. ‘लिफ्ट आता गाणं ओळखून चालते’ असा बोर्ड लावून सर्जेरावनं सगळ्या सोसायटीला लिफ्टमध्ये भजनं म्हणायला लावली होती. देशिंगकरांनी स्वतः दोन म्हटली होती. ते त्यांच्या अजून डोक्यात होतं.

“लावता पैज?” सर्जेराव टेबलावरूनच म्हणाला. “दसऱ्यापर्यंत तुमच्या यंत्राला येड्यात काढतो. हरला त्यानं चौकातल्या वड्याच्या गाडीपासून आपल्या गेटापर्यंत लोटांगण घालायचं. सगळ्यांदेखत.”

“लावली,” देशिंगकर म्हणाले.

“पंच मी!” तळमजल्यावरचे हिंदुराव पैलवान गरजले. नव्वदीला टेकलेले, पण छाती अजून कपाटाएवढी. हात वर करून ते खुर्चीतून उठायला गेले, टाचेवर जरासे मागे झुकले, आणि फट्‌! चारी बाजूंनी फुगे आले. पैलवान पाण्यात बसलेल्या म्हशीगत दिसायला लागले.

खिडकीतून त्यांची सून मंदावहिनी ओरडली, “परत फोडलासा? मुडदा बशीवला तुमचा! नुसतं उठायला बी येत न्हाई थेरड्याला. मसणात जावा एकदाचं!” आणि तसंच बडबडत ती खाली आली, सासऱ्याच्या बगलेत हात घालून त्यांना उभं केलं, पदरानं त्यांच्या कपाळाचा घाम टिपला आणि गोळी तोंडात कोंबली. “गिळा.”

आठवड्याभरानं शालनआत्ती पडली.

सर्जेरावची आई तो रांगता असतानाच गेली. त्याला वाढवला तो ह्या आत्तीनं. एक्क्याऐंशीची, काटकुळी, तोंडानं तिखट. सकाळी दाराशी दुधाची पिशवी उचलायला वाकली, पाय पायपुसण्यात अडकला आणि ती उंबऱ्यावर आदळली. सुवर्णा, सर्जेरावची बायको, स्वयंपाकघरातून धावत आली तेव्हा आत्ती एका कुशीवर पडून छताकडं बघत होती. कमरेला पट्टा. पट्ट्यावर हिरवा दिवा. फुगा एकही नाही.

खुबा मोडला होता. डॉक्टरांनी आत सळई बसवली आणि सर्जेरावला बाजूला घेऊन सांगितलं, “चालतील त्या हळूहळू. पण दुसऱ्यांदा पडल्या, तर त्यानंतर उठतील असं समजू नका.”

सोसायटीत कुजबुज सुरू झाली. सर्ज्यानं पट्टा घालून माकडचाळे केले, त्यानंच बिघडवला. तोंडावर कोणी बोललं नाही. आत्ती दवाखान्यातून घरी आली, तरी सर्जेरावला जेवण जाईना. पट्टा पिशवीत घालून तो तोलकेंद्रात गेला आणि देशिंगकरांच्या टेबलावर ठेवला.

“मी बिघडवला का हा? खरं सांगा साहेब. मी ऐकून घेईन.”

देशिंगकरांनी पट्टा पडद्याला जोडला. रेघा वरखाली झाल्या. “नाही,” ते म्हणाले. “उत्तम चालतोय. त्या वाकल्या तेव्हाच त्याला कळलं होतं.”

“काय कळलं होतं?”

“की त्या पडणार.”

सर्जेरावला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “मग उघडला का न्हाई?”

देशिंगकरांनी चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, एवढाच काय तो घोळ. “बसा. नीट सांगतो. कुपी महाग आहे. दर लडखडण्याला एक फोडली तर महिन्याभरात तोलकेंद्राला कुलूप लागेल. म्हणून प्रत्येक माणसाचं आम्ही आधीच पतनमूल्य काढून ठेवतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही पडलात तर आम्हाला कितीला पडता. कुपीपेक्षा पडणं महाग असेल, तर कुपी फुटते. पडणं स्वस्त पडत असेल, तर नाही.”

“खुबा मोडणं स्वस्त?”

“ऑपरेशन विम्यावर जातं. ते आमच्या खात्यात येत नाही. आमच्या खात्यात येतात त्यापुढचे महिने. उठवायचं, बसवायचं, न्हाऊ घालायचं, कूस बदलायची. ज्याचं कोणी नाही, त्याला खाट द्यावी लागते, पगारी माणूस द्यावं लागतं. ते फार महागात पडतं. पण घरात सांभाळणारं कोणी असेल, तर तो खर्च शून्य.”

“शून्य,” सर्जेराव म्हणाला.

“तुमच्या घरी सुवर्णाताई आहेत.”

“तिनं डेअरीच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडली आत्तीसाठी. पाठ गेलीय तिची. दोन वर्षं माहेराला गेली न्हाई.”

“मला वाईट वाटतं, खरंच. पण तिला कोणी पगार देत नाही ना? मग बेरजेत कुठल्या रकान्यात घालू?”

इतका वेळ सर्जेराव स्वतःवर चिडला होता. आता तो राग तोंड फिरवून समोरच्या माणसाकडं वळला. बाई घरात जीव ओतून राबते म्हणून तिची म्हातारी जमिनीवर आपटायला मोकळी! म्हातारीला वाऱ्यावर सोडली असती, तर हे फुगे घेऊन धावले असते!

“म्हणजे तुझं यंत्र बघत हुतं,” तो म्हणाला. ‘साहेब’ आणि ‘तुम्ही’ कुठल्या कुठं गेलं होतं. “आत्ती पडताना बघत बसलं हुतं.”

“बघत बसलं नाही. निर्णय घेतला. आमच्याकडे तिसराही पर्याय आहे. पडूच नये म्हणून आधीपासून सोबतीला पगारी माणूस नेमायचं. तोही दर आठवड्याला मोजतो आम्ही. पण तो आजवर कधी स्वस्त पडलेला नाही.”

“आणि हिंदुराव पैलवानाचा फुगा नुसतं उठताना फुटतो, तो कसा? त्याच्याकडं सून हाय की!”

“तिथं सेवागुण नकारात्मक आहे.”

“कसला गुण?”

“पट्ट्यात गृहश्रवण आहे. घरातलं बोलणं साठवत नाही तो, फक्त सूर आणि शब्द तोलतो. ‘सावकाश हां, पाणी देऊ का’ असं ऐकलं, की सांभाळणारं माणूस आहे. आणि हिंदुरावांच्या घरी…” देशिंगकरांनी आवाज खाली आणला. “तिथं त्यांचा छळ होतो, असा तोलमेंदूचा पक्का समज आहे.”

मंदावहिनी! जी सासऱ्याला अंड्यातला पिवळा बलक काढून भरवते, आणि भरवताना त्याचे सात पिढ्यांचे पितर उठवते!

“ह्या तुझ्या मेंदूला बोलणं शिकवलं कुणी?”

“शिकवलं नाही. ऐकवलं. टीव्हीवरच्या मालिका, हजारो तास.”

“बरोबर. मालिकेत शिव्या देती ती कैदाशीण, आणि गोड बोलती ती सोन्यासारखी सून.” सर्जेराव उठला. “कोल्हापुरात ठेवलंय यंत्र, आणि त्याला एवढं ठावं न्हाई, की हितं माणूस शिव्या द्यायचा थांबला तर घरच्यांच्या पोटात गोळा येतो!”

“सर्जेराव, त्यानं काय फरक—”

“पैज ध्यानात हाय न्हवं?”

त्या संध्याकाळी सर्जेरावनं मंदावहिनीला घरी बोलावलं आणि तोलपट्टा फ्रीजमध्ये ठेवून दार लावलं.

“वहिनी, आमच्या सुवर्णाला शिव्या शिकवायच्या.”

“काय खुळं-बिळं झालासा काय?” मंदावहिनी म्हणाली. पण सगळं ऐकल्यावर तिचा चेहरा बदलला. “म्हणजे मी आमच्या मामंजींचा जीव घेती, असं त्या डब्यानं लिवून ठेवलंय? जळलं त्याचं त्वांड! कुठं हाय तो देशिंगकर?”

“त्याला नंतर. आधी हिला.”

सुवर्णा वाईच्या शिक्षकांच्या घरातली. तिनं कधी मांजरालासुद्धा अगं-तुगं केलं नव्हतं. पट्टा बाहेर काढला, आत्तीच्या कमरेला बांधला. मंदावहिनी मागं उभी राहून ओठ हलवत होती.

“अहो… थेरडे,” सुवर्णा म्हणाली. “मेलीस तर… मेलात तर… बरं होईल. आत्ती, उशी सरकवू का थोडी?”

मंदावहिनीनं कपाळावर हात मारला. आत्ती पलंगावर खुदखुदत होती. तिला खेळ सगळ्यांत आधी उमगला होता आणि सुनेपेक्षा तिलाच जास्त चेव आला होता. “आगं, जोरात म्हण की, सटवे! जेवली न्हाईस काय सकाळधरनं? म्हण, गिळ आन् मर!”

“गिळा आणि…” सुवर्णानं पेजेची वाटी पुढं केली आणि तिला हुंदका आला. वाटी तशीच टेकवून ती आत निघून गेली.

सर्जेराव मागोमाग गेला. ती ओट्याला धरून उभी होती.

“अहो, मी त्यांना न्हाऊ घालते, त्यांचं सगळं करते, आणि तोंडानं हे म्हणायचं? का? तर तो पट्टा माझं चांगलं बोलणं त्यांच्या जिवावर उठवतो म्हणून? कसला हिशेब हा? कुणी मांडला?”

सर्जेराव आयुष्यात पहिल्यांदा विनोद न करता उभा राहिला. लोकांना बनवायचं म्हणजे त्याच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. आज तिथं निखारा होता.

“तिसऱ्या मजल्यावरच्यानं मांडला,” तो म्हणाला. “आणि म्हणून शिवी दे. आत्तीला देतीयस असं समजू नकोस. त्याला देतीयस असं समज.”

सुवर्णानं डोळे पुसले, बाहेर आली, कमरेवर हात ठेवला आणि अशी काही सुरू झाली, की मंदावहिनी दोन पावलं मागं सरली.

मग गल्लीभर तेच. सर्जेरावनं दारोदार फिरून, पट्टे फ्रीजमध्ये कोंबून, सगळ्यांना समजावलं. मुली, सुना, नातवंडं, एका घरात तर थोरल्या भावाला सांभाळणारा सत्तरीतला धाकटा भाऊ. कुणाला समजवायला फार वेळ लागला नाही. ज्यांच्या घरी कोणी पडून हाड मोडलं होतं, ते ऐकता ऐकताच लाल व्हायचे. पंधरवड्यात पेठेत असा जाळ झाला, की नवखा माणूस आला असता तर त्यानं पोलीस बोलावले असते. “ऊठ की मढ्या!” म्हणत पोरगी बापाच्या पायात मोजे चढवायची. “तुझी तिरडी बांधली रं!” म्हणत नातू आजोबाला जिन्यावरून हात धरून उतरवायचा. भाजीबाजारात म्हाताऱ्या एकमेकींना विचारायच्या, “तुला आज काय काय म्हणाली गं?” आणि अभिमानानं सांगायच्या.

तोलमेंदूच्या लेखी मात्र अख्ख्या पेठेतली माया आटली होती. कुणाला कोणी उरलं नव्हतं. सगळ्यांची पतनमूल्यं आभाळाला भिडली. जिन्यात फट्‌, न्हाणीत फट्‌, देवळाच्या पायरीवर फट्‌. जरासा झोक गेला तरी फट्‌. एकही हाड मोडलं नाही. कुप्यांच्या गाड्या रिकाम्या व्हायला लागल्या, कुपीचा भाव चढत गेला. मग एके सकाळी तोलमेंदूनं दर आठवड्यासारखे तिन्ही पर्याय पुन्हा मोजले.

सुवर्णा आत्तीची वेणी घालत होती. कंगवा केसांत, तोंडात “कैदाशिणी, मान हलवू नका.” तेवढ्यात आत्तीच्या पोटापासून गोड आवाज आला.

“नमस्कार. शालनबाईंना सांभाळणारं कोणीही नाही, असं आढळून आलं आहे. वारंवार कुपी फोडण्यापेक्षा सोबतीला पगारी माणूस नेमणं स्वस्त पडत आहे. सर्वांत जवळ असलेली आणि या कामाचा सर्वाधिक सराव असलेली व्यक्ती, सुवर्णा खाडे, आपण आहात. नेमणूक मान्य असल्यास हो म्हणा.”

सुवर्णाच्या हातातला कंगवा तसाच राहिला.

“व्हय म्हण गं, भवाने!” आत्ती ओरडली.

“हो,” सुवर्णा म्हणाली.

खालून मंदावहिनीची किंकाळी आली. तिच्याही पैलवानाचं पोट बोललं होतं. मग समोरच्या इमारतीतून कोणी ओरडलं, मग मागच्या. यंत्राला नातं कळत नव्हतं. त्याला अंतर कळत होतं, आणि सराव. आणि ज्या हातांना सराव होता, ते हात त्याच घरात होते.

देशिंगकर धापा टाकत दारात आले. पायात चपला नव्हत्या.

“सर्जेराव, हे तुम्ही केलंत! शिव्या द्यायला लावल्या लोकांना! तोलमेंदूला फसवलंत. ह्या सगळ्या नेमणुका मी रद्द करणार.”

“म्हणजे फसवलं, हे मान्य?” सर्जेराव शांतपणे म्हणाला. “मग चला चौकात. लोटांगण.”

देशिंगकर थबकले. हुशार माणूस, वाट शोधायला वेळ लागला नाही. “नाही. फसवलं नाही. खरं तर उत्तर बरोबरच आलंय. सांभाळायला माणूस लागतं, आणि ते काम सुवर्णाताईच करतात. यंत्रानं योग्य माणूस निवडलं. यंत्र चुकलेलं नाही. तेव्हा पैज तुम्ही हरलात.”

“बरं, हरलो. मग नेमणुका रद्द कशाला करताय? उत्तर बरोबर हाय न्हवं?”

देशिंगकर जिन्याकडं वळले.

“आणि ह्या कामाला पगार लागतो, हे उत्तर आज बरोबर असेल,” सुवर्णा म्हणाली. ती कंगवा घेऊन दारापर्यंत आली होती. आवाज तिचा नेहमीचाच, मऊ. “तर आत्ती पडल्या त्या दिवशी तुम्ही लिहिलेलं शून्य काय होतं, देशिंगकरकाका?”

जिन्यात माणसं जमली होती. हिंदुराव पैलवान कठडा धरून वर आले होते. त्यांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

“यंत्र फसलं म्हणलास, तर तू हरलास,” ते देशिंगकरांना म्हणाले. “फसलं न्हाई म्हणलास, तर तुझा हिशेब हरला. दोन्हीकडनं तुझीच पाठ मातीला लागलीया, विनायका. पंच म्हणून सांगतो. उठून हात मिळीव.”

देशिंगकरांनी सर्जेरावचा हात हातात घेतला. मग म्हणाले, “नेमणुका राहतील. मी लिहून देतो.” आणि थोड्या वेळानं, “रविवारी किती वाजता?”

रविवारी चौकात जत्रेगत गर्दी झाली. वडेवाल्यानं कढई बाजूला घेतली. देशिंगकर जुना पायजमा घालून आले, रस्त्यावर आडवे झाले, हात जोडून पुढं केले आणि लोळायला लागले. पोरं शिट्ट्या मारत होती. मंदावहिनी अशा काही शब्दांत वाट दाखवत होती, की रिक्षावाल्यांनीही कान झाकले. सर्जेरावला वाटलं होतं, आपल्याला जाम मजा येईल. पण तो नुसता मुठी आवळून त्यांच्या बाजूनं चालत होता. शून्य म्हणाला हा माणूस. शून्य. प्रत्येक लोळणीला त्याला ते ऐकू येत होतं, आणि त्याचा राग काही केल्या संपत नव्हता.

गेटाच्या अलीकडं आत्तीची खुर्ची मांडली होती. कमरेला पट्टा, हातात चालायची चौकट. देशिंगकर धुळीनं पांढरे होऊन तिच्या पुढ्यात आले, तसं तिला राहवलं नाही.

“आरं, पुरं झालं लेका,” म्हणत ती चौकट टेकून उठली आणि एक पाऊल पुढं आली.

तो पाय देशिंगकरांच्या सदऱ्यात अडकला.

सर्जेरावनं बघितलं. आत्तीचा खांदा झुकला, चौकट सुटली. तो धावला, पण मध्ये शिट्ट्या मारणाऱ्या पोरांचा घोळका होता. सुवर्णा ओरडली. त्या पापणीभर वेळात टेकडीमागच्या यंत्राकडं शालनबाईंचं पतनमूल्य होतं, आणि त्यात आता सुवर्णाचा पगार होता.

फट्‌!

चारी बाजूंनी फुगे आले. आत्ती अलगद खाली बसली, ती थेट देशिंगकरांच्या पाठीवर. वर आत्ती, मध्ये फुगे, खाली अर्थगणिती.

सुवर्णा फुगे बाजूला सारायला धावली.

“आत्ती,” फुग्यांखालून घुसमटलेला आवाज आला, “लागलं का हो?”

आत्तीनं खुबा चाचपला. मग दुसरा चाचपला. मग आरामात टेकून बसली.

“न्हाई लागलं,” ती म्हणाली. “पर गेट अजून लांब हाय. लोळ फुडं.”